बोअर फेल गेला तर पैसे कुणाचे?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी घसरले होते, तेवढं इथे नीट केलंय.)

आजचा एपिसोड आइसलँडवर आहे, पण सुरुवात करमाळ्यापासून करूया.

आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, 2016 च्या उन्हाळ्यात शेतात तीन बोअर घेतले. पहिल्याला पाणाड्या आणला होता. त्याच्या तळहातावर नारळ ताडकन उभा राहिला, तिथे खडूने फुली मारली, रात्री साडेअकराला बोअरची गाडी आली आणि पहाटेपर्यंत चारशे फूट नुसती धूळ निघाली. दुसऱ्यात माती जरा ओली लागली, एवढंच. तिसऱ्याला पाणी लागलं. सगळ्यांनी गुलाल लावला. ते पाणी पुढच्या मार्चपर्यंत टिकलं.

मी तेव्हा बीटेकला होते. मला एकच गोष्ट कळत नव्हती. गाडीवाला पैसे फुटावर घेतो. पाणी लागो न लागो, त्याचा रेट तोच. पाणाड्याचा नारळ चुकला तरी त्याची दक्षिणा त्याला मिळते. म्हणजे अख्ख्या व्यवहारात जमिनीच्या पोटात काय आहे याची जोखीम एकट्या तात्यांची, आणि काकूंच्या बँकेत तारण पडलेल्या पाटल्यांची.

मागच्या वर्षी जिओथर्मलबद्दल, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून ऊर्जा मिळवण्याबद्दल, वाचायला लागले आणि लक्षात आलं की हा धंदा मुळात तात्यांचाच धंदा आहे. फरक इतकाच, की इथे बोअर पाचशे फुटांचा नसतो, एक-दोन किलोमीटरचा असतो. कोरडा निघाला तर पाटल्या नाही, अख्खी नगरपालिका तारण पडते. आणि कोरडा निघालेला बोअर कुणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न आइसलँडने जितक्या पद्धतीने सोडवून पाहिला, चुकवला आणि परत सोडवला, तितका दुसऱ्या कुणी सोडवला असेल असं मला वाटत नाही. तर चला.

रेक्याविक या नावाचा अर्थ होतो धुराची खाडी. नवव्या शतकात नॉर्स लोक तिथे उतरले तेव्हा त्यांना लांबून जो धूर दिसला, ती गरम झऱ्यांची वाफ होती. आपल्याकडे कोकणात नेमकं हेच झालंय बरं का. दापोलीजवळचं उन्हवरे घ्या, राजापूरचं उन्हाळे घ्या, नावातच ऊन. जानेवारीत आम्ही ऑफिसमधले सहा जण उन्हवऱ्याला गेलो होतो. कुंडात पाय घातला आणि झटकन बाहेर काढला, इतकं पाणी कढत. शेजारी एक आजी निवांत बसून होत्या. त्यांना विचारलं, या पाण्याचं तुम्ही काय करता? म्हणाल्या, "आंघोळ. अजून काय करणार?"

रेक्याविककरांचंही हजार वर्षं उत्तर जवळपास हेच होतं. आंघोळ आणि धुणं. शहराच्या पूर्वेला थ्वोट्टालॉयगार नावाचे झरे होते, शब्दाचा अर्थच धुण्याचे झरे. शहरातल्या बायका, बहुतेक मोलकरणी, अख्ख्या घराचं धुणं पाठीवर घेऊन तीनेक किलोमीटर चालत तिथे जायच्या. बर्फात, वाऱ्यात, अंधारात. परतताना ओल्या कपड्यांचं ओझं दुप्पट. झऱ्याचं पाणी उकळतं, कडा निसरड्या. काही बायका त्यात पडून भाजून मेल्या. 1880 च्या दशकात बायकांच्याच एका संस्थेने तिथे आडोशाला धुण्याचं घर बांधलं, आणि विसावं शतक उजाडल्यावर झऱ्यांवर लोखंडी जाळ्या बसल्या.

एवढं गरम पाणी उशाशी असताना घरं मात्र कोळशावर तापायची, आणि कोळसा जहाजाने बाहेरून यायचा. त्या काळातल्या शहराच्या फोटोंमध्ये छपरांवर काळ्या धुराचा थर दिसतो. धुराची खाडी हे नाव अगदीच वेगळ्या अर्थाने खरं ठरलं होतं.

घर गरम करायला हे पाणी वापरायची कल्पना सरकारची नव्हती. 1908 साली शहराबाहेर एका शेतकऱ्याने झऱ्यातलं पाणी पाइपने आपल्या घरात नेऊन घर गरम केलं. ते चाललं. मग शेजारपाजारच्यांनी केलं. पण झरा ज्याच्या दारात, त्याचंच हे काम. शहराला ते पुरणार नव्हतं. त्यासाठी खोदावं लागणार होतं.

इथे माझा आवडता तपशील येतो. 1928 मध्ये रेक्याविकने थ्वोट्टालॉयगारपाशी खोदायला सुरुवात केली, आणि त्यासाठी जे यंत्र वापरलं त्याला लोक सोन्याचा बोअर म्हणायचे. कारण ते मुळात आणलं होतं शहराजवळ सोनं शोधायला. सोनं काही मिळालं नाही. यंत्र पडून होतं. शहराच्या वीज खात्याने ते या कामाला लावलं. चौदा बोअर झाले, सगळ्यात खोल 246 मीटर. मिळून सेकंदाला साधारण 14 लिटर पाणी, 87 अंशांचं. 1930 मध्ये तीन किलोमीटरची पाइपलाइन टाकून ते एका प्राथमिक शाळेत नेलं. त्यानंतर हॉस्पिटल, पोहण्याचा तलाव आणि साठेक घरं.

सुरुवात शाळेपासून केली याकडे जरा बघा. मला वाटतं कुठल्याही नगरपालिकेसाठी ही हुशारीची चाल आहे. शाळा तुमचीच, परवानगी तुमचीच, बिल तुमचंच. फसलं तर फजितीही तुमचीच, पण कुणाच्या घरात थंडी शिरणार नाही. आम्ही याला पायलट म्हणतो आणि त्यासाठी चार मीटिंगा घेतो.

चौदा लिटर शहराला कुठून पुरणार? सतराअठरा किलोमीटरवर रेकिर नावाचं गाव होतं, तिथे भरपूर गरम पाणी होतं. 1933 मध्ये शहराने तिथल्या गरम पाण्याचे हक्क विकत घेतले. आता पैसा. हा काळ मंदीचा आहे. आइसलँड डेन्मार्कच्या राजाखालचं छोटं राज्य आहे, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. परदेशात कर्ज मिळवताना शहराची दमछाक झाली. शेवटी 1939 मध्ये डेन्मार्कच्या होयगार्ड आणि शुल्ट्स या कंपनीशी करार झाला. आणि सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं.

एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला. रेक्याविकचं सामान कोपनहेगनमध्ये अडकलं. मे महिन्यात ब्रिटिश सैन्य आइसलँडमध्ये उतरलं, नंतर अमेरिकन आलं. म्हणजे कंत्राटदार शत्रूच्या ताब्यातल्या देशात, पाइप तिकडे, खड्डे इकडे. शहराने अटलांटिकपलीकडून दुसरं सामान मागवलं आणि काम रेटलं. ओस्क्युहलिड नावाच्या टेकडीवर पाण्याच्या टाक्या बांधल्या, म्हणजे तिथून पाणी उताराने शहरभर जाईल. 30 नोव्हेंबर 1943 ला पहिल्या घरात पाणी पोचलं. ते घर एका शिल्पकाराचं होतं, आयनार योन्सन यांचं, जे आज म्युझियम आहे. 1945 संपेपर्यंत 2,850 घरं जोडली गेली होती. शहराची वस्ती तेव्हा 44 हजारांच्या थोडी वर.

आणि आइसलँड स्वतंत्र प्रजासत्ताक झालं 17 जून 1944 ला. म्हणजे देशाच्या आधी शहराची पाइपलाइन तयार होती!

मग प्रश्न असा, की शहराने एकट्याने एवढं केलं, तर देशाच्या सरकारची गरज काय?

गरज बाकीच्यांसाठी होती. रेक्याविक देशातलं सगळ्यात मोठं शहर. त्याच्याकडे वीज खातं होतं, इंजिनियर होते, उशाशी झरे होते. पण समजा तुम्ही उत्तरेकडच्या आठशे वस्तीच्या मच्छीमार गावाचे सरपंच आहात. तुमच्याकडे ना भूशास्त्रज्ञ, ना यंत्र. एक बोअर कोरडा निघाला तर पंचायतीची तिजोरी दहा वर्षांसाठी रिकामी. तुम्ही खोदाल? मी नाही खोदणार. मी कोळसाच जाळीन आणि पुढच्या निवडणुकीला उभी राहीन.

राष्ट्रीय सरकारने नेमकी ही अडचण उचलली. 1945 मध्ये सरकारची स्वतःची खोदाई कंपनी निघाली. म्हणजे यंत्र एक, वापरणारी गावं अनेक. 1958 पासून त्याहून मोठं, वाफेवर चालणारं यंत्र कामाला लागलं, आणि ते सरकार आणि रेक्याविक शहर दोघांच्या मालकीचं होतं. नावातच दोघं होती. त्याचा अर्थ साधारण राज्य आणि रेक्याविकचा वाफेचा बोअर. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेवर कुणाचं नाव वर यावं यावरून काय काय होतं ते आठवून बघा. त्या यंत्राने शहराच्या पोटातच, पूर्वीपेक्षा कितीतरी खोल, जास्त गरम पाणी गाठलं. ज्या शहराने अठरा किलोमीटरवरून पाणी आणलं त्याच्या पायाखालीच ते होतं, फक्त 1928 च्या यंत्राचा हात तिथवर पोचत नव्हता.

आणि मग 1961. या वर्षी सरकारने एक निधी काढला, भू-औष्णिक निधी. 1967 मध्ये तो वीज निधीत मिसळून ऊर्जा निधी झाला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ऊर्जा प्राधिकरण उभं राहिलं, ओर्कुस्तोफ्नुन नावाचं. निधीची कल्पना ऐका. गावाने खोदायचं ठरवलं की निधी कर्ज देणार. पाणी लागलं तर गाव कर्ज फेडणार, कारण आता गरम पाणी विकून पैसे येतायत. बोअर फेल गेला तर कर्जाचं अनुदान होणार. म्हणजे फेडायचं नाही.

हे वाचल्या वाचल्या मी तात्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं व्हय? मग तिकडं कुणीबी म्हणंल की फेल गेला."

पाच सेकंदात तात्यांनी त्या योजनेतलं भोक शोधलं. माझ्या कोड रिव्ह्यूत कुणी इतक्या लवकर बग शोधत नाही. पण उत्तर आहे. तिकडे पाणाड्या सरकारचा होता. कुठे खोदायचं हे ठरवायला ऊर्जा प्राधिकरणाचे भूशास्त्रज्ञ, खोदायला बहुतेक वेळा सरकारी कंपनीचं यंत्र, आणि किती मीटरवर किती तापमान लागलं त्याची नोंद प्राधिकरणाकडे. गावाला खोटं बोलायला जागाच फारशी नव्हती. शिवाय गरम पाणी लागलं की ते लपवणार कसं? अख्खं गाव थंडीत वाट बघत बसलंय. आणि या नोंदींचा दुसरा फायदा असा, की एका गावाचा कोरडा बोअर पुढच्या गावाच्या कामाला आला. आमच्या तालुक्यात शेजाऱ्याचा बोअर कितीला फेल गेला हे चहाच्या टपरीवर कळतं, आणि तेही तीस फूट इकडेतिकडे करून.

1973 मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा या सगळ्या जुळणीचा कस लागला. 1970 च्या सुमारास देशातली साधारण 43 टक्के घरं गरम पाण्यावर होती आणि निम्म्याहून जास्त तेलावर. तेलाची बिलं परवडेनात म्हणून सरकारने लोकांना सबसिडी द्यायला सुरुवात केली. पण सबसिडी म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं, हे तिथल्या अर्थखात्यालाही कळत होतं. मग देशभर शोध सुरू झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत गरम पाण्यावरच्या घरांचं प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. आज ते नव्वदच्या आसपास आहे.

या धांदलीतलं एक लग्न फार इंटरेस्टिंग आहे. रेक्यानेस द्वीपकल्पावर स्वार्त्सेंगी इथे जमिनीखाली 240 अंशांचं पाणी होतं, पण खारं आणि क्षारांनी भरलेलं. घरात सरळ सोडलं तर पाइप बुजून जाणार. म्हणून त्याच्या उष्णतेने गोडं पाणी तापवायचं आणि ते गावांना द्यायचं. हे एका गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. 1974 च्या अखेरीस सात नगरपालिका आणि सरकार यांनी मिळून कंपनी काढली, नगरपालिकांचे 60 टक्के, सरकारचे 40. सरकारला रस होता, कारण केप्लाविक विमानतळाचा भाग त्याच परिसरात होता आणि तोही गरम करायचा होता. प्रकल्पातून बाहेर पडलेलं खारं पाणी शेजारच्या लाव्ह्यात साचत गेलं आणि त्याचा निळसर तलाव झाला. हाच तो इन्स्टाग्रामवरचा ब्लू लगून. तुमच्यापैकी ज्यांना तो नैसर्गिक वाटत होता, त्यांची माफी मागते.

सगळीकडे असं गोड झालं नाही. उत्तरेकडच्या अकुरेरी शहराला बऱ्याच शोधानंतर पाणी लागलं, त्याच्या भरवशावर 1977 मध्ये वितरण सुरू झालं, आणि मग जमिनीखालची पातळी अंदाजापेक्षा फार भराभर खाली गेली. तात्यांच्या तिसऱ्या बोअरसारखंच. कर्जाचं ओझं शहराने पुढे कितीतरी वर्षं वाहिलं. पाणी लागणं आणि पाणी टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निधीचं सूत्र फक्त पहिलीला लागू पडत होतं.

आता सरकारची स्वतःची फजिती. क्राफ्ला.

1974 मध्ये संसदेने उत्तरेत क्राफ्ला ज्वालामुखीपाशी वीज प्रकल्पाला मंजुरी दिली. हा नगरपालिकेचा नव्हता, थेट देशाचा. घाई इतकी की जमिनीखाली पुरेशी वाफ आहे हे सिद्ध व्हायच्या आधीच जपानहून 30 मेगावॉटचे दोन टर्बाइन मागवले गेले. टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला टाकणं म्हणतात ते हेच. डिसेंबर 1975 मध्ये, बांधकाम ऐन भरात असताना, ज्वालामुखी जागा झाला. पुढची नऊ वर्षं उद्रेक होत राहिले, एकूण नऊ. ज्वालामुखीचे वायू बोअरमध्ये शिरून केसिंग खाऊन टाकत होते. सप्टेंबर 1977 मध्ये तर शेजारच्या भागातल्या 1,138 मीटर खोल बोअरमधून लाव्हाच बाहेर आला! वीसेक मिनिटं त्या भोकातून तापलेल्या दगडाचे तुकडे उडत होते, साधारण तीन टन. माणसाने खणलेल्या बोअरमधून ज्वालामुखीचा उद्रेक. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, निदान काहीतरी निघालं तरी.

दुसरा टर्बाइन वीस वर्षं चाललाच नाही. तो 1997 मध्ये सुरू झाला.

मला क्राफ्ला महत्त्वाचा वाटतो तो ज्वालामुखीमुळे नाही. ज्वालामुखी कुणाच्या हातात नव्हता. पण गावांच्या प्रकल्पात एक आपोआप ब्रेक होता. गाव खोदायला मागायचं, प्राधिकरण तपासायचं, निधी पैसे द्यायचा, म्हणजे तीन वेगळ्या लोकांनी हो म्हणायला हवं. क्राफ्लामध्ये मागणारं, तपासणारं आणि पैसे देणारं सरकारच होतं. थांब म्हणणारं बाहेरचं कुणी नव्हतं.

नगरपालिकाही आपली पायरी विसरू शकते. ही गोष्ट 2007 ची. रेक्याविक शहराच्या ऊर्जा कंपनीने, जी मुळात शहराची घरं गरम करायला होती, एक गुंतवणूक कंपनी काढली होती. जगभर जाऊन भू-औष्णिक प्रकल्प करायचे, असा तिचा बेत. ऑक्टोबरमध्ये ती एका खासगी कंपनीत विलीन करायचं ठरलं, आणि आतल्या काही लोकांना स्वस्तात शेअर देण्याची सोय केल्याचं बाहेर आलं. शहर भडकलं. आठवड्याभरात महापौरांची आघाडी तुटली. त्या चार वर्षांच्या मुदतीत रेक्याविकने चार महापौर पाहिले. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा, पण तिकडे ती मोठी नामुष्की होती.

त्याच काळात या शहर कंपनीने हेल्लिस्हेइडीचा 303 मेगावॉटचा प्रकल्प उभारायला घेतला होता, मुख्यतः ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज विकायला. कर्ज परकीय चलनात. 2008 मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या, क्रोनाची किंमत जवळपास निम्मी झाली आणि कर्ज बसल्या जागी दुप्पट. 2010 मध्ये लोकांनी वैतागून योन ग्नार नावाच्या एका विनोदी नटाला महापौर केलं. या नटाच्या वाट्याला आलं गरम पाण्याचे दर वाढवणं, कंपनीतली माणसं कमी करणं, आणि शहराच्या तिजोरीतून कंपनीला उसने पैसे देणं. पुढे कंपनीने आपली चकचकीत मुख्य इमारतही विकली.

बघा, 1930 मध्ये याच शहराने शाळेपासून सुरुवात केली होती. आपलं गरम पाणी, आपली घरं, आपलं बिल. सत्तर-ऐंशी वर्षांनी ते कारखान्यांसाठी, डॉलर-युरोमध्ये खोदत होतं, आणि जोखीम मात्र पूर्वीसारखीच आंघोळीच्या पाण्याचं बिल भरणाऱ्या माणसावर होती. त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

आणि स्वार्त्सेंगीच्या त्या लग्नाचं काय झालं? 2007 मध्ये सरकारने आपला उरलेला, साधारण 15 टक्क्यांचा हिस्सा खासगी कंपनीला विकला. बँका कोसळल्यानंतर नगरपालिकांनीही हिस्से विकले आणि मालकी कॅनडाच्या एका कंपनीकडे गेली, तीही स्वीडनमधल्या उपकंपनीमार्फत, कारण युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या कंपनीला परवानगी नव्हती. गायिका ब्योर्कने विरोधात मोहीम चालवली, हजारो लोकांनी सह्या केल्या. 2008 मध्येच संसदेने कायदा केला होता की सरकारच्या आणि नगरपालिकांच्या मालकीची ही भूगर्भातली संपत्ती कायमची विकता येणार नाही, फार तर 65 वर्षांपर्यंत वापरायला देता येईल. पण कंपनी तरीही हातची गेली.

2023 च्या शेवटी त्याच भागात जमीन फाटायला लागली. ग्रिंदाविक गाव रिकामं केलं. नोव्हेंबरमध्ये संसदेने घाईने कायदा करून स्वार्त्सेंगीभोवती मातीदगडाचे बांध घालायला परवानगी दिली, आणि त्यासाठी देशभरातल्या घरमालकांवर छोटा कर लावला. कुणीतरी विचारलंच, प्रकल्प खासगी कंपनीचा, मग बांध आमच्या पैशाने का? 8 फेब्रुवारी 2024 ला उत्तर मिळालं. लाव्हा प्रकल्पापासून गावांकडे जाणाऱ्या मुख्य पाइपवर आला आणि ऐन हिवाळ्यात वीस हजारांहून जास्त लोकांचं गरम पाणी बंद झालं. लोकांना सांगावं लागलं की विजेचे हीटर बेताने लावा, नाहीतर वीजही जाईल. मालकी कुणाचीही असो, थंडीत कुडकुडणारी माणसं नगरपालिकेच्या दारात येतात आणि नगरपालिका सरकारच्या.

आता आपल्याकडचं थोडक्यात, कारण आपल्याकडे अजून थोडकंच झालंय. आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने देशातल्या तीनशेहून जास्त गरम झऱ्यांची नोंद केली आहे. सगळ्यात आशेची जागा लडाखमधली पुगा खोरं. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथल्यासाठी तिघांचा करार झाला. ओएनजीसीचं ऊर्जा केंद्र, लडाखचं प्रशासन आणि लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद. कागदावर बघितलं तर रचना बरोबर आहे, स्थानिक परिषद सहीला बसली आहे. 2022 मध्ये खोदताना गरम पाणी शेजारच्या ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. त्या ओढ्यावर तिथल्या पशुपालकांची जनावरं पाणी पितात. बोअर कोरडा जाण्याच्या जोखमीसाठी मोठी कंपनी आहे. ओढा खराब झाला तर त्याची जोखीम कुणाच्या खात्यावर, हे मी त्या करारातल्या तीन सह्यांकडे बघत विचारते आहे.

आणि कोकण. उन्हवऱ्याला कुणी रेक्याविकसारखी घरं गरम करायला जाणार नाही, मे महिन्यात तर अजिबात नाही. पण गरम पाण्यावर वाळवणं होऊ शकतं. आइसलँडमध्ये याच उष्णतेवर मासे वाळवतात. कोकणात मासे आहेत, आंबा आहे, काजू आहे, आणि पावसाळ्यात चार महिने ऊन नाही. तिथल्या ग्रामपंचायतीने उद्या ठरवलं की एक बोअर मारून बघूया, तर तिला कर्ज कोण देईल आणि फेल गेल्यावर ते कोण सोडेल? असं खातं मला तरी सापडलं नाही. कुणा श्रोत्याला माहीत असेल तर मेसेज करा, मी स्वतः जाऊन त्या आजींना सांगेन.

तात्यांनी चौथा बोअर घेतलेला नाही. शेततळं केलंय, त्याला अनुदान मिळालं. परवा फोनवर म्हणाले, "त्या आइसलँडवाल्यांस्नी इचार, पाणाड्या भाड्यानं मिळतो का."

पुढच्या एपिसोडमध्ये कोयनेचं पाणी आणि मुंबईची वीज. तोपर्यंत भेटूया.